डुकराला दोन वाक्यं, व्हाळाला सात

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीला राहते. माहेर सावंतवाडी तालुक्यातलं, आंबोली घाटाच्या पायथ्याजवळचं. येत्या पौषात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन गावच्या घरी करायचं ठरलंय. शाल-श्रीफळ, चांदीचं ताट यांत बाबांना काडीची गोडी नाही. म्हणून माझ्या मनात आलं, त्यांच्या लहानपणच्या शिकारीच्या आठवणीचा छोटासा देखावा करून द्यावा. हल्ली फोटोवरून बोटभर उंचीच्या हुबेहूब आकृत्या करून देतात. एके ठिकाणी विचारलं, तर चार आकृत्यांचे अठरा हजार सांगितले. जंगलाचे वेगळे.

आजोबांकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. शिमग्याच्या आसपास वाडीतली माणसं मिळून रान उठवायची. बाबा बारा वर्षांचे असताना, म्हणजे १९५७च्या सुमाराला, पहिल्यांदा सोबत गेले. त्या दिवशी आजोबांच्या बाराला मोठं सुळेवालं डुक्कर पडलं. त्याचा फोटो आहे : आजोबा बंदूक धरून डुकरावर पाय ठेवून उभे, मागे सात-आठ माणसं. परतताना बाबांच्या पायात काटा मोडला. हाकाऱ्यांपैकी, म्हणजे हाके घालून जनावर उठवणाऱ्यांपैकी, एका काकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पाणी गुडघाभरच होतं, पण दगड बुळबुळीत होते. मध्यावर काका थांबले, कमरेच्या फडक्यातून भाकरीचा तुकडा काढला आणि वर बाबांच्या हातात दिला. भाकरी नाचणीची होती आणि तिला घामाचा वास होता, असं बाबा सांगतात. इथे आले की ते हटकून मालवणीवर येतात, ‘तेना माका खांद्यार घेतल्यान नि व्हाळ पार केल्यान.’ त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही.

आता अडचण सांगते. भाऊ म्हणतो, देखावा फोटोसारखाच करू, त्याच डुकराचा सुळा घरात जपून ठेवलाय तो त्यात बसवू, आणि बाबांना आयत्या वेळी चकित करू. माझी मुलगी प्राणिशास्त्र शिकते, पावसाळ्यात आंबोलीला बेडूक बघत रात्र रात्र हिंडते. ती म्हणते, ‘आजोबांच्या समारंभात मेलेलं जनावर मांडणार असाल तर मी येणार नाही.’ काय करू? आणि करायचं तर कसं करू?

– मधली

उत्तर

मधलीताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. चित्रकलेचा मास्तर निवृत्त झाला तरी पेन्सिल निवृत्त होत नाही. तर मोजून सांगतो, तुमच्या पत्रात डुकराला दोन वाक्यं मिळालीत आणि व्हाळाला सात. त्या दोनांतलंही एक फोटोचं वर्णन आहे. म्हणजे काय मांडायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही ते लिहूनही पाठवलंय. फक्त भाऊ आणि मुलगी यांच्या मधे बसल्यामुळे ते तुमचं तुम्हाला दिसेनासं झालंय.

व्हाळ मांडा. खांद्यावर बारा वर्षांचा मुलगा, खाली गुडघाभर पाण्यात थांबलेला माणूस, वर गेलेला हात आणि हातात भाकरीचा तुकडा. दोनच आकृत्या. अठरा हजारांचे निम्मे इथेच वाचले.

फोटोची नक्कल का नको, ते आधी सांगतो, कारण तुमचा भाऊ हे वाचणार. जनावरावर पाय ठेवून बंदूक उभी धरायची ही तऱ्हा आपल्या गावची नव्हे. साहेब आणि संस्थानिक तसे फोटो काढून घेत, ते पाहून गावोगावच्या फोटोवाल्यांनी ती उचलली. ‘पाय ठेवा, इकडे बघा, हलू नका’ असं कोणीतरी म्हणालं आणि तुमचे आजोबा क्षणभर तसे उभे राहिले. ते त्यांचं उभं राहणं नव्हतंच. शिवाय त्या फोटोत तुमचे बाबा आहेत का? तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा नसावेत, काटा भरलेला पाय धरून ते कुठेतरी बाजूला बसले असतील. ज्याचा समारंभ, तोच देखाव्यात नाही, हे कसं चालेल?

आणि फोटो आधीच आहे. तो चांगल्या चौकटीत लावा. देखावा करायचा तो ज्याचा फोटो निघाला नाही त्याचा.

आता लेकीचं. तिला समजवायला जाऊ नका, तिचं बरोबर आहे. पण तिला एक गोष्ट जरूर दाखवा, आजोबांच्या कपाटात असेल तर : बंदुकीचा तो जुना परवाना. त्यावर जिल्हा रत्नागिरी असेल, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ला वेगळा झाला. तो परवाना शेतीच्या राखणीचा आहे. भाताची लोंबी दुधात आली की रात्रीतून डुकरं वाफा नांगरल्यासारखा करून जायची, आणि माळ्यावर बसून डबे बडवणारा माणूस पहाटे रिकामं शेत घेऊन घरी यायचा. ते दुःख आजही आहे. आता जोडीला वानरं आहेत, गवे आहेत, आणि २००२पासून कर्नाटकातून उतरलेले हत्तीही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. बाबांची ती शिकार त्याच्या पंधरा वर्षं आधीची. त्या वेळी मुंबई राज्याचा १९५१चा वन्यप्राणी-पक्षी संरक्षणाचा कायदा होता खरा, पण गावातल्या माणसाच्या मनात डुक्कर म्हणजे चोर, इतकंच होतं. हे सांगून शिकार बरोबर ठरवायची नाहीये. तुमच्या लेकीला बेडकांचं जग कळतं, तसं एका उपाशी वर्षाचंही कळेल, एवढंच. मग ती जे ठरवेल ते तिचं.

माझा अंदाज विचाराल, तर देखावा करायला सगळ्यात जास्त तिचीच मदत होईल. कशी, ते पुढे येतंच.

सुळा देखाव्यात बसवू नका. यात माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. जंगली जनावरांची शिंगं, सुळे, कातडी यांची नोंद, मालकी आणि हस्तांतर यांना कायद्याचे नियम आहेत. वाघ, बिबट्या, गवा अशा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या वस्तू २००३पासून फक्त वारशानंच पुढच्या माणसाकडे जाऊ शकतात, आणि वारसानं ९० दिवसांच्या आत वनखात्याला तसं कळवायचं असतं. विकत, भेट, बक्षीस यांपैकी काहीच चालत नाही. डुकराचा तपशील याहून वेगळा आहे, तो वर्तमानपत्रातल्या मास्तराला विचारू नका. सावंतवाडीत उपवनसंरक्षकांचं कार्यालय आहे, तिथे भावाला पाठवा. जाताना सुळा खिशात घालून नेऊ नका, फोटो न्या. पडवीत खुंटीला सांबराचं शिंग वगैरे असेल तर त्याचीही चौकशी त्याच फेरीत होऊन जाईल. एखादी नोंदलेली वस्तू घरात नकोच असेल, तर २०२२च्या दुरुस्तीनंतर मालकीचं प्रमाणपत्र असलेल्याला ती स्वखुशीनं सरकारजमा करता येते, मोबदला मात्र मिळत नाही. आणि यातलं काहीही त्या आकृत्या करणाऱ्याकडे कुरिअरनं पाठवायचं नाही, ‘नमुन्याला’ म्हणूनसुद्धा नाही.

बंदुकीचंही विचारून ठेवा. आजोबांच्या पश्चात परवाना कोणाच्या नावावर झाला, की बंदूक ठाण्यात जमा झाली? कोकणात निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, हा एक वेगळाच सोहळा असतो. बाबांना त्यावर बोलतं केलंत तर एक संध्याकाळ सहज जाईल.

आता चकित करण्याबद्दल. ऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच्याच आठवणीनं चकित करू नये. दहा वर्षांमागे मी हे करून बसलोय. माझे मामा दापोलीकडचे, तेही बंदूकवाले. त्यांच्या पंचाहत्तरीला मी गुपचूप एकाकडून त्यांची आकृती करून घेतली. खांद्यावर बंदूक, डोक्याला मुंडासं, सगळं झकास. मामांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘हा डावरा कोण?’ ज्या फोटोवरून आकृती केली तो मुळात उलटा छापलेला होता. मामांची बंदूक आयुष्यभर उजव्या खांद्याला. त्या आकृतीची पेटी आजही त्यांच्या दिवाणखान्यात आहे, येणाऱ्या प्रत्येकाला ‘डावरा’ दाखवला जातो आणि मी तिथे गेलो की चहाबरोबर तेच असतं. म्हणून एक खूण सांगून ठेवतो. जुना फोटो सुलटा आहे की उलटा, हे सदऱ्याच्या खिशावरून कळतं. पुरुषाच्या सदऱ्याचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला असतो. फोटोत तो त्या माणसाच्या उजव्या बाजूला, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे, असेल तर फोटो उलटा. सदरा नसेल, नुसता पंचा असेल, तर मात्र बाबांनाच विचारायला हवं.

विचारायचं कसं, त्याचीही रीत आहे. ‘बाबा, आठवणी सांगा ना’ म्हटलं की माणसं पाठ झालेली गोष्ट सांगतात, शब्दाला शब्द लावून. मोठी परात घ्या. अंगणातली लाल माती चाळून तीत बोटभर पसरा, थोडी ओली करा. शेजारी वाटीत हरभरे, चिंचोके, दोन-चार कवड्या ठेवा. आणि एकच प्रश्न विचारा : ‘व्हाळ कुठून कुठे वाहत होता?’ ते बोटानं रेघ ओढतील. मग आपोआप सुरू होईल, इथे पाण्याची कोंड होती, इथे करवंदाची जाळी, इथे हाके घालणारे, तुमचे आजोबा इथे, कुत्री इथे. हरभऱ्याची माणसं आणि चिंचोक्याची कुत्री करून ते सगळं रान उठवतील. हात कामाला लागला की जीभ पाठांतर सोडते. शाळेत चाळीस पोरांच्या वर्गात मी हे शिकलो. परातीशी लेकीला बसवा. तुम्ही आणि भाऊ फोन खिशात ठेवून बाजूला. मधे मधे वरून फोटो काढा, एवढंच.

या परातीतून तुम्हाला जे मिळेल ते कुठल्याही फोटोतून मिळणार नाही. काकांनी मुलाला दोन्ही खांद्यांवर पाय सोडून बसवलं होतं, की एका खांद्यावर आडवं टाकलं होतं? मुलगा कशाला धरून होता, मुंडाशाला की केसांना? काटा कुठल्या पायात होता? काकांच्या कमरेला आकडी होती का, आणि तीत कोयता होता का? भाकरी डाव्या हातानं वर केली, की उजव्या? एका हातात काठी असणार, बुळबुळीत दगडांवरून ओझं घेऊन कोणी मोकळ्या हातानं जात नाही. घोंगडं होतं का? पायात वहाणा होत्या की नव्हत्या? नसणार, पण विचारा.

मग माप ठरवा. आकृत्या करणारे १:३५ सुचवतील, कारण त्या मापाचं सामान तयार मिळतं. त्यात साडेपाच फुटांचा माणूस पावणेपाच सेंटिमीटरचा होतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना ते फार बारीक. १:२४ घ्या, माणूस सात सेंटिमीटरचा. पण तिथेही डोकं जेमतेम नऊ मिलिमीटरचं, म्हणजे वाटाण्याहून किंचित मोठं. त्यावर नाकडोळे हुबेहूब आणण्यासाठी तुम्ही जो जास्तीचा पैसा मोजाल तो वाया जाणार आहे. एवढ्या छोट्या आकृतीत माणूस ओळखू येतो तो पाठीच्या बाकावरून, मान कशी आहे, गुडघा किती वाकलाय, पंचा कुठवर खोचलाय यांवरून. लांबून येणारा आपला माणूस चेहरा दिसण्याआधी चालीवरून ओळखू येतो ना, तसंच. काकांचा चेहरा तर तुमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. फोटोतल्या पुसट सात-आठांमध्ये बाबा त्यांना दाखवू शकले तर उत्तमच. नाही दाखवू शकले तरी अडत नाही, माणूस ओझ्याखाली आहे आणि वर बघतोय, चेहरा सावलीत राहिला तरी चालतो.

दोन्ही आकृत्या एकसंध करून घ्या. वेगवेगळ्या करून नंतर चिकटवल्या की मुलगा खांद्यावर बसलेला दिसत नाही, ठेवलेला दिसतो. ओझं अंगावर आलं की एक खांदा खाली जातो, दुसऱ्या बाजूची कंबर बाहेर येते, हे करणाऱ्याला बजावून सांगा. नाहीतर तुमच्या भावाला घरातल्याच कोणाला तरी खांद्यावर घ्यायला सांगा, त्याचे चारी बाजूंनी फोटो काढा आणि ते पाठवा. भावाला कामाला लावायचं हे निमित्तही बरं आहे.

आकृत्या थ्रीडी छपाईनं, रेझिनच्या (द्रवातून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या) करत असतील तर दोन गोष्टी. ओलं, न पिकलेलं रेझिन त्वचेला बाधतं, म्हणून घरी करायचा हट्ट धरू नका. आणि रेझिन उन्हात पिवळं पडतं, ठिसूळ होतं, तेव्हा पेटी खिडकीसमोर नको. मला विचाराल तर मी छापणार नाही. तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर एम-सील, टोकदार काडी आणि पाण्यात बुडवलेलं बोट. चार आकृत्या बिघडतील, पाचवी जमेल. एकट्या शाडूवर मात्र जाऊ नका, वाळताना ती बारीक हातापायांशी तडकते. बंदूक दाखवायचीच असेल तर ती मागे, काठावर, दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्याला, अर्धवट दिसेल अशी. चार फुटांची ठासणीची बंदूक १:२४मध्ये पाच सेंटिमीटरची होते आणि नळी एक मिलिमीटरची. एक मिलिमीटरची पोलादी तार घ्या. रिफिलची नळी वापरतात काही जण, मग बंदुकीची तोफ होते.

तुमच्या माहेराजवळच चितारआळी, लाकडी खेळणी करणाऱ्या चिताऱ्यांची गल्ली, आहे, हे विसरू नका. सावंतवाडीची लाकडी फळं सगळ्यांना माहीत आहेत, पण तिथले हात फळांपुरते नाहीत. पूर्वी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरायचे, पुढे आंब्याचं आलं. एखाद्या चितारी कारागिराला दोन आकृत्या कोरता येतील का, विचारून बघा. त्या हुबेहूब होणार नाहीत, खेळण्याच्या वळणाच्या होतील. तुमच्या बाबांना लहानपणी जी खेळणी मिळाली असतील त्याच वळणाच्या. मला हा विचार रेझिनपेक्षा जास्त आवडतो. पण पेटी तुमची आहे.

छोटी माणसं मांडून मोठी गोष्ट सांगणं आपल्याला नवं नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे ठेवून आपण हळीव पेरतो. रुखवतात नवरीच्या आईनं मांडलेला बोटभर संसार असतो. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या मातीच्या बाहुल्या पार परदेशी संग्रहालयांत गेल्या. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात धंदेवाल्यांच्या, जातीजमातींच्या छोट्या आकृत्या काचेआड उभ्या आहेत, त्या तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिल्याही असतील. दुकानदार ‘डायोरामा’ म्हणतो म्हणून दबून जाऊ नका, देखावाच तो.

रान करताना एकच चूक सगळे करतात. हिरवं करतात. पाकिटात मिळणारं गवत हिरवं असतं म्हणून. तुमची गोष्ट शिमग्यातली आहे. त्या दिवसांत सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळावरचं, गवत पार वाळून पिवळं पडलेलं असतं, पायाखाली पाचोळा, पांगारा आणि सावर लाल फुललेली, काजू मोहरलेला. हिरवं काय ते व्हाळाच्या काठापुरतं. वाळलेल्या गवताला नारळाच्या सोडणाचा काथ्या कापून लावा. झाडांना तुळशीची वाळलेली खोडं, त्यांच्या फांद्या मापात बसतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी चौकटींची असते, तेवढी एका बुंध्यावर काढली तरी कोकणातला माणूस झाड ओळखतो. पूर्ण झाड करू नका. पन्नास फुटांचं झाड १:२४मध्ये दीड हात उंच होतं, पेटीत मावायचं नाही. बुंधेच करा आणि वर पेटीच्या कडेनं कापून टाका. बघणाऱ्याचं डोकं बाकीचं रान स्वतः वाढवतं. माती बाजारातून आणायची नाही. त्याच परातीतली लाल माती, त्याच पाणंदीतली, बारीक चाळून, पातळ केलेल्या फेविकॉलवर भुरभुरवा. जांभ्याचा चुरा मिळाला तर दगडांचा प्रश्न मिटला. पाण्याला पारदर्शक व्हार्निशचे पातळ थर, एक वाळल्यावर दुसरा, घाई न करता. काकांच्या पिंढऱ्यांभोवती पाणी किंचित उचललेलं हवं. चढउतारासाठी थर्माकोल आणू नका. सजावटीच्या थर्माकोलला राज्यात २०१८पासून बंदी आहे, आणि दमट हवेत कोणीतरी प्रेमानं पेटीत डांबराच्या गोळ्या टाकतोच, त्या वाफेनं थर्माकोल विरघळतो. कागदाचा लगदा आणि पुठ्ठा पुरे. बुरशीसाठी सिलिका जेलच्या पुड्या मागे दडवा, बुटांच्या खोक्यात येतात त्याच, आणि पावसाळ्याआधी बदला.

मागचा पडदा सरळ ठेवू नका, गोल वळवा. कोपरे दिसले की खोकं दिसतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निसर्गविभागातले फ्लेमिंगो, धनेश, गवा यांचे देखावे एकदा जवळून बघून या. जनावरांपेक्षा त्यांच्या मागचं आभाळ बघा, ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं. घरी पेटी अशी लावा, की आरामखुर्चीत बसल्यावर बाबांची नजर व्हाळाच्या पाण्याशी येईल. उभ्यानं वरून बघितलं की देखाव्याचा नकाशा होतो.

आता लेकीचं काम. परतीच्या वाटेवर एकटीच माणसं नसतात. तिनं त्या काठावरची जनावरं ठरवावीत. दगडावर एखादा खेकडा. पाचोळ्यात तोंड खुपसलेलं गावठी कुत्रं. बेडूक ठेवायचा असेल तर शिमग्यात तो कुठे असेल, हे तिच्याइतकं आपल्या घरात कोणाला माहीत? आणि तिला पटलं तर, फक्त पटलं तरच, करवंदाच्या जाळीत एक जिवंत डुक्कर. खांद्याशी साडेतीन सेंटिमीटर उंच, मानेवरचे केस उभे. समोरून दिसू नये. पेटीच्या डाव्या बाजूनं वाकून बघितलं तरच सापडावं. त्या दिवशी एक पडलं, बाकीची निसटली, हेही खरंच होतं ना? भावाला डुक्कर हवंय, त्याला डुक्कर मिळेल. लेकीला मेलेलं नकोय, ते मेलेलं नसेल. दोघांनी मिळून ते एकच जनावर रंगवावं, माझी फी म्हणून.

उरले ते काका.

रान उठवायच्या शिकारीत बंदुकीवाला जागा धरून बसतो. जाळ्यांत शिरतो तो हाकारी, हातात काठी नाहीतर कोयता घेऊन. उठलेलं जनावर आधी त्याच्या अंगावर जातं. फोटोत मात्र तो मागच्या रांगेत, पुसट. तुमच्या घरच्या या गोष्टीत तोच मधोमध आहे आणि त्याला नाव नाही. परातीशी बसलात की हा प्रश्न लेकीला विचारू द्या, ‘आजोबा, त्यांचं नाव काय?’ मग, वाडी कुठली. डुकराचे वाटे घातले तेव्हा त्यांच्या वाट्याला काय आलं, बंदूकवाल्याइतकंच की कमी? ते आपल्या पडवीत बसून जेवायचे, की अंगणात? यातल्या एखाद्या प्रश्नावर बाबा गप्प होतील. होऊ द्या. तिथे तुम्ही पटकन चहाचं विचारू नका.

त्यांच्या घरचं कोणी गावात असेल, नातू, पणती, तर सहस्रचंद्रदर्शनाला रीतसर अक्षता देऊन बोलवा. देखावा दाखवायला म्हणून बोलवू नका. जेवायला बोलवा, पंगतीत बाबांच्या शेजारी पान मांडा. देखावा त्यांना दिसेलच. पेटीच्या खाली पितळी पट्टी लावणार असाल, तर तिच्यावर ‘शिकार’ हा शब्द नको. दोन नावं आणि साल, बस. नावांचा क्रम बाबांना विचारा. मला वाटतं, तुमच्या वडिलांचं नाव ते दुसरं घालतील.

पौषाला अवकाश आहे, पण एम-सीलच्या चार आकृत्या बिघडायच्या आहेत, तेव्हा गणपती झाले की सुरुवात करा. आणि भाकरीचा तुकडा १:२४मध्ये तांदळाच्या दाण्याएवढा होईल. त्याला नाचणीच्या पिठाचाच रंग द्या, पीठ गोंदात कालवून. विकतच्या तपकिरीत तो रंग मिळत नाही, मी शोधून दमलोय.